चौदाव्या मजल्याची वाट

शहराची प्रगती त्याच्या इमारतींच्या उंचीवरून मोजण्याची रीत आपल्या वडोदऱ्यातही आता रूढ होत चालली आहे. ज्या डोळ्यांना वाड्यांचे दोन-तीन मजले पाहण्याची सवय होती त्यांना गोत्री, भायली, सेवासी या बाजूंस उंच उंच इमारती दिसू लागल्या आहेत, आणि त्यांकडे पाहून नागरिकास कौतुक वाटावे हे स्वाभाविकच आहे. अशा इमारतीत घर घेऊ इच्छिणारी कुटुंबे प्रथम चौकशी करतात ती लिफ्टची. लिफ्ट किती आहेत, वीज गेल्यास त्या चालतात काय, घरातील वडीलधाऱ्यांना जिने चढावे लागणार नाहीत ना, हे सारे प्रश्न योग्यच होत. परंतु ही इमारत उभी राहत असता तिच्या चौदाव्या मजल्यावर विटा रचणारा गवंडी आणि त्याला घमेल्यातून माल पुरविणारी मजूर स्त्री तेथवर कशी पोहोचत असत, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. प्रस्तुत लेखाचा विषय हाच आहे. कामाच्या जागी सुखरूप पोहोचणे आणि तेथून सुखरूप उतरणे हा मजुराचा हक्क आहे, कोणाची मेहेरबानी नव्हे. आणि विशिष्ट उंचीच्या पुढे या हक्काचा अर्थ माणसांसाठी बसविलेली व नियमाने तपासलेली लिफ्ट असाच केला पाहिजे, असे माझे मत आहे.

ही माणसे आपणांस अपरिचित आहेत असे नाही. सकाळी शाळेला निघताना कडियानाक्यावर जमलेला समुदाय आपण पाहतो. कोणाच्या हातात थापी असते, कोणाच्या पिशवीत ओळंबा असतो, स्त्रियांच्या डोक्यावर रिकामी घमेली असतात. त्यांतील पुष्कळजण दाहोद व पंचमहाल या जिल्ह्यांतून, तर काही मध्य प्रदेशातील झाबुआ व अलीराजपूर या भागांतून आलेले असतात. गावी पावसावर अवलंबून असलेली थोडीशी शेती असते. तिचा हंगाम संपला की ही कुटुंबे शहराची वाट धरतात. त्यांपैकी कित्येकांच्या गावात दुमजली घरसुद्धा विरळच असावे. अशा माणसाला शहरात आल्याबरोबर एकदम दहाव्या-बाराव्या मजल्याच्या कडेवर उभे राहावे लागते.

आता इमारतीचे काम कोणत्या क्रमाने चालते ते पाहू. आधी पाया, मग खांब, मग एकावर एक स्लॅब, नंतर भिंती, गिलावा, नळ आणि विजेच्या तारा. रहिवाशांची लिफ्ट बहुधा अगदी शेवटी बसते, कारण तिची यंत्रे ठेवावयास वरचा मजला पूर्ण व्हावा लागतो, आणि धूळ-सिमेंटमध्ये तिचे नाजूक भाग खराब होतात. याचा अर्थ असा की, लिफ्टसाठी जी उभी पोकळी सोडलेली असते ती काम चालू असता नुसतीच मोकळी राहते, आणि मजूर तिच्या शेजारच्या अर्धवट जिन्याने पायी चढत असतो.

विद्यार्थीमित्रांनी येथे थोडे गणित करून पाहावे. एका मजल्याची उंची तीन मीटर धरली आणि एक पायरी पंधरा सेंटिमीटरांची धरली, तर दर मजल्यास वीस पायऱ्या होतात. चौदाव्या मजल्यास पोहोचण्यासाठी २८० पायऱ्या, म्हणजे ४२ मीटर उंची चढावी लागते. सकाळी एकदा, दुपारच्या भाकरीनंतर एकदा, पाण्यासाठी वा नैसर्गिक विधीसाठी उतरल्यावर एकदा आणि विसरलेले हत्यार वा संपलेले सामान आणण्यासाठी एकदा, अशा चारच खेपा धरल्या तरी दिवसाकाठी १,१२० पायऱ्या आणि १६८ मीटर उंची भरते. सहा दिवसांच्या आठवड्यात ही उंची एक हजार मीटरांच्या वर जाते. आपल्याजवळचा पावागड समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंच आहे. कालिकामातेच्या दर्शनास जाणाऱ्या भाविकांचे श्रम वाचावेत म्हणून तेथे १९८६ पासून रोपवे चालू आहे, आणि त्याबद्दल कोणाची तक्रार नाही. मजूर मात्र दर आठवड्यास पावागडाहून अधिक उंची चढतो, तीही दिवसभराचे काम करून, आणि पुष्कळदा डोक्यावर किंवा खांद्यावर ओझे घेऊन.

सिमेंटची गोणी ५० किलोची असते. ती वर नेण्यासाठी बहुतेक बांधकामांवर कप्पी, क्रेन किंवा मालवाहू पाळणा असतो, कारण माल माणसांकरवी चढविणे ठेकेदारास परवडत नाही. या पाळण्यातून माणसांनी जाऊ नये असा इशारा असतो, आणि तो रास्तच आहे. कारण त्याला माणसांच्या लिफ्टसारखे दार, कठडा वा आपोआप पकडणारा ब्रेक असेलच असे नाही. परंतु गोणी यंत्राने वर जात असता माणसाने २८० पायऱ्या चढाव्या, या व्यवस्थेत थकलेला मजूर एखादे दिवशी लपूनछपून त्याच पाळण्यात पाय ठेवतो, आणि अपघात झाला म्हणजे दोष त्याच्या निष्काळजीपणावर जातो. त्याला दुसरा कोणता मार्ग मोकळा ठेवला होता, याचा विचार अपघातापूर्वीच व्हावयास हवा होता.

पायी चढण्याचा त्रास केवळ पायांचा नाही. पिण्याचे पाणी आणि शौचकूप बहुधा खाली असतात. वरून खाली जाऊन पुन्हा वर येण्यात वेळ जातो, आणि वेळ गेला की मुकादमाची बोलणी ऐकावी लागतात. यासाठी कित्येक स्त्रिया दिवसभर पाणीच कमी पितात. वैशाखातील आपल्याकडचे ऊन सर्वांना ठाऊक आहे. त्या उन्हात, तापलेल्या स्लॅबवर, तहान मारून काम करणाऱ्या शरीराला भोवळ आली तर त्यात नवल ते काय? आणि भोवळ येण्याची ती जागा चौदाव्या मजल्याची उघडी कड असते. पुढे असेही आहे की, बाराव्या मजल्यावर कोणाचा पाय मोडला, कोणाला विजेचा धक्का बसला किंवा साप-विंचवाप्रमाणेच जीव घेणारा उष्माघात झाला, तर त्याला खाली आणावयाचे कसे? चार माणसांनी अरुंद, कठड्याविना असलेल्या जिन्यावरून त्याला खांद्यावर उतरविण्यात जी मिनिटे जातात तीच पुष्कळदा जीव वाचविण्याची मिनिटे असतात.

उंचीचा धोका किती मोठा आहे हे समजण्यास पदार्थविज्ञानाचे साधे सूत्र पुरेसे आहे. हवेचा अडथळा सोडून दिला तर तीन मीटरांवरून पडणारी वस्तू ताशी सुमारे २८ किलोमीटर वेगाने जमिनीस लागते. ४२ मीटरांवरून पडणारी वस्तू तीन सेकंदांच्या आत खाली येते, आणि त्या वेळी तिचा वेग ताशी शंभर किलोमीटरांहून अधिक झालेला असतो. तीन सेकंदांत कोणी धावून येऊ शकत नाही. म्हणून उंचीवरच्या कामात सुरक्षिततेचा सारा विचार घटनेपूर्वीच करून ठेवावा लागतो.

हा विचार न झाल्याची उदाहरणे दूर शोधावयास नकोत. १४ सप्टेंबर २०२२ रोजी अहमदाबादेस गुजरात युनिव्हर्सिटीजवळ बांधल्या जात असलेल्या एका इमारतीत, तेराव्या मजल्याच्या उंचीवर, लिफ्टच्या पोकळीत काम करण्यासाठी केलेला आधार कोसळला व सात मजूर प्राणास मुकले. पुढे त्या इमारतीत जे रहिवासी लिफ्टने वर जाणार, त्यांच्याच लिफ्टची ती वाट होती. त्यानंतर एक वर्षही पुरे झाले नाही तोच, १० सप्टेंबर २०२३ रोजी, ठाण्याच्या बाळकूम भागात एका चाळीस मजली इमारतीच्या बांधकामावरील लिफ्ट कोसळून तीमधील सात मजुरांचा अंत झाला.

ठाण्याच्या या उदाहरणावरून कोणी म्हणेल, “लिफ्ट असूनही माणसे मेलीच ना? मग जिनाच काय वाईट?” या आक्षेपाचे उत्तर इतिहासात आहे. १८५४ साली न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात एलिशा ओटिस नावाचा कारागीर उंच चढविलेल्या फळीवर स्वतः उभा राहिला आणि त्याने सर्वांसमक्ष तिचा दोर कापविला. फळी थोडीशी खचली व जागच्या जागी अडकून राहिली, कारण दोर तुटताच बाजूच्या खाचांत अडकणारी कळ त्याने तीस बसविली होती. १८५७ मध्ये त्याच शहरातील एका दुकानात माणसांची लिफ्ट चालू झाली. दोर तुटला तरी लिफ्ट पडू नये याची विद्या जगास तेव्हापासून, म्हणजे पावणेदोनशे वर्षांच्या सुमारास, अवगत आहे. ती हाताशी असता बांधकामावरची लिफ्ट पडते, त्या अर्थी कोठे तरी तपासणीत, देखभालीत, जोडणीत किंवा वजनाच्या मर्यादेत हयगय झालेली असते. तेव्हा या दुर्घटनेचा बोध लिफ्ट नको असा नसून, लिफ्ट हवी आणि तिची तपासणीही हवी, असा आहे.

दुसरा आक्षेप खर्चाचा. “एवढा खर्च केला तर घरे महाग होतील,” असे सांगण्यात येते. अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को येथे १९३३ ते १९३७ या काळात गोल्डन गेट पूल बांधला गेला. उंच बांधकामात दर दहा लाख डॉलर खर्चामागे एक मजूर मरावयाचाच, असा निर्दय हिशेब त्या काळी तेथे रूढ होता, आणि या पुलाचा खर्च साडेतीन कोटी डॉलरांच्या घरात होता. मुख्य अभियंता जोसेफ स्ट्रॉस याने हा हिशेब मानला नाही. त्याने मजुरांना शिरस्त्राणे घालावयास लावली आणि कामाखाली सबंध पुलाच्या लांबीत जाळे बांधले. त्या काळी लाखाहून अधिक डॉलर खर्चून बांधलेल्या या जाळ्यात पडून एकोणीस माणसे वाचली. १७ फेब्रुवारी १९३७ रोजी मात्र एक जड परांची तुटून जाळ्यासकट खाली गेली आणि दहा मजूर बुडाले; संपूर्ण कामात एकंदर अकरा माणसे दगावली. जाळे वाचवू शकते, परंतु त्यालाही मर्यादा आहे, या दोन्ही गोष्टी या एकाच पुलाने शिकविल्या. ज्यांचे प्राण वाचले त्या एकोणीस जणांच्या घरी जाळ्याचा खर्च कोणी अवाजवी म्हटला नसेल.

त्याच कॅलिफोर्निया राज्याच्या नियमांत पुढे असे घालून देण्यात आले की, ६० फूट किंवा त्याहून उंच इमारतीच्या बांधकामावर जिन्याच्या जोडीला माणसांना नेणारी लिफ्ट असलीच पाहिजे. ६० फूट म्हणजे साधारण सहा मजले. हा नियम असूनही तेथे उंच इमारती उभ्या राहतच आहेत. कायद्यात स्पष्ट आकडा असला म्हणजे प्रामाणिक ठेकेदाराचे नुकसान होत नाही. कारण जो खर्च तो करतो तोच त्याच्या प्रतिस्पर्ध्यासही करावा लागतो. आकडा नसला की जो मजुरांच्या पायांवर अधिक भार टाकील त्याचेच टेंडर स्वस्त ठरते.

तिसरा आक्षेप असा की, मजूर स्वतःच साधने वापरीत नाहीत. पट्टा दिला तरी बांधीत नाहीत. यात तथ्यांश आहे. परंतु पट्टा नुसता कमरेस गुंडाळून काय उपयोग? त्याचा आकडा अडकविण्यास मजबूत दोर वा लोखंडी कडी जवळ हवी. जेथे ती नसते तेथे पट्टा हा नुसता तपासनिसास दाखविण्याचा दागिना ठरतो. शिवाय मजुरी केलेल्या कामावर ठरत असेल, तर पट्टा सोडण्या-बांधण्यात जाणारा वेळ मजुराच्याच खिशातून जातो. त्याला त्याच्या भाषेत, प्रत्यक्ष करून दाखवून शिक्षण दिले आणि त्या वेळेचीही मजुरी दिली, तर तो जिवावर उदार होईल असे मानण्यास आधार नाही. ज्याचे जळते त्यालाच कळते. स्वतःच्या जिवाची किंमत त्याला आपणांहून कमी कळते असे समजणे हा त्याचा अपमान होय.

आपल्या देशात या विषयावर कायदा झालाच नाही असे नाही. बांधकाम मजुरांसाठी संसदेने १९९६ साली स्वतंत्र कायदा केला. पिण्याचे पाणी, शौचकूप, प्रथमोपचार, पन्नासांहून अधिक स्त्रिया कामावर असल्यास मुलांसाठी पाळणाघर, अशा तरतुदी त्यात होत्या. त्याच वर्षीच्या दुसऱ्या कायद्याने बांधकामाच्या खर्चावर उपकर बसविण्यात आला. तो एक टक्का ठरविण्यात आला, म्हणजे एक कोटीच्या इमारतीमागे एक लाख रुपये मजुरांच्या कल्याणासाठी. पुढे कामगारांच्या सुरक्षिततेसंबंधीचे तेरा कायदे एकत्र करणारी संहिता २०२० मध्ये संमत झाली व २१ नोव्हेंबर २०२५ पासून ती अमलात आली. कागदावर एवढी तजवीज असता प्रत्यक्षात काय घडले? सर्वोच्च न्यायालयाने १९ मार्च २०१८ च्या निकालात नमूद केले की, या उपकरापोटी ३७,४०० कोटींहून अधिक रुपये जमा झाले, परंतु मजुरांसाठी म्हणून त्यांतील सुमारे ९,५०० कोटीच खर्च झाले. पैसा नव्हता म्हणून मजूर जिने चढत राहिला, असे म्हणण्यास या आकड्यांपुढे जागा उरत नाही.

मग करावयाचे काय? माझ्या मते पुढील गोष्टी अवघड नाहीत. प्रथम, बांधकामाची परवानगी देतानाच त्या परवान्यात उंचीचा निश्चित आकडा लिहिलेला असावा, व त्या उंचीपुढे माणसांच्या लिफ्टशिवाय वरचा स्लॅब टाकू देऊ नये. दुसरे, ती लिफ्ट ठराविक मुदतीने जाणकाराने तपासावी, आणि तपासणीची तारीख व वजनाची मर्यादा गुजराती, हिंदी व चित्रांच्या साहाय्याने दारावर लावावी. तिसरे, लिफ्ट येईपर्यंत जिना स्लॅबच्या बरोबरीने पुरा व्हावा, त्याला त्याच वेळी कठडा व दिवे लागावे, आणि लिफ्टच्या पोकळीचे प्रत्येक तोंड बंद राहावे. चौथे, काही मजल्यांच्या अंतराने पाणी व शौचाची सोय असावी, आणि वर स्ट्रेचर असावे. यांतील कोणत्याही गोष्टीस नवा शोध लागावयाचा राहिलेला नाही.

हे सारे आज अवास्तव वाटेल, परंतु मजुरांच्या प्रत्येक हक्काबद्दल असेच वाटत आले आहे. मुंबईच्या गिरणी कामगारांना आठवड्यातून एक दिवस सुटी मिळावी म्हणून नारायण मेघाजी लोखंडे झटत होते तेव्हा गिरण्या बुडतील असे म्हणणारे होतेच. १० जून १८९० रोजी रविवारची सुटी मान्य झाली, आणि गिरण्या चालूच राहिल्या. डॉ. बाबासाहेब आंबेडकर, ज्यांच्या उच्च शिक्षणास आपल्या सयाजीराव महाराजांनी साहाय्य केले, १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सभासद होते. त्यांनी आठ तासांच्या दिवसाचा पुरस्कार केला, व १९४६ मध्ये कारखान्यांतील कामाचा आठवडा ५४ वरून ४८ तासांवर आला. रविवारची सुटी आणि आठ तासांचा दिवस आज आपण गृहीत धरतो. चौदाव्या मजल्यापर्यंतची सुरक्षित वाटही उद्याच्या पिढीने अशीच गृहीत धरावी, असा प्रयत्न आजच्या पिढीने करावयास हवा.

यात शाळकरी मुलांचा व त्यांच्या घरच्यांचा वाटा कोणता? जी कुटुंबे नवे घर पाहावयास जातील त्यांनी आपल्या प्रश्नांच्या यादीत एक प्रश्न वाढवावा: “हे काम करणारी माणसे वर कशी जातात?” विकणाऱ्यास गिऱ्हाइकाचा प्रश्न तपासनिसाच्या प्रश्नाहून अधिक झोंबतो. बांधकाम मजुरांच्या कल्याण मंडळात नाव नोंदविण्यासाठी वय १८ ते ६० वर्षे आणि मागील बारा महिन्यांत ९० दिवसांचे काम, अशा अटी घालून देण्यात आल्या होत्या. परंतु अर्ज वाचता येत नाही म्हणून कितीतरी मजूर बाहेर राहतात. वरच्या वर्गांतील विद्यार्थी गुजराती-हिंदी उत्तम वाचतात. त्यांनी सुटीच्या दिवशी शिक्षकांबरोबर नाक्यावर बसून असे अर्ज भरून दिले, तर त्यांच्या शिक्षणाचा त्याहून चांगला विनियोग क्वचितच होईल. आणि आपल्यांतून जे पुढे अभियंते, वास्तुशिल्पी किंवा नगरपालिकेचे अधिकारी होतील, त्यांनी इमारतीचा पहिला नकाशा काढतानाच तिच्या मजुरांची वाटही त्यात आखावी. ती वाट आखण्यास एक रेघ अधिक लागेल. परंतु त्या रेघेवरून रोज संध्याकाळी कितीतरी माणसे आपापल्या मुलांकडे परत जातील.